बीडाचं इंजिन

मराठीत ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. इंजिनाचा ब्लॉक बीडाचा, विहिरीवरच्या जुन्या पंपाचा सांगाडा बीडाचा, पिठाच्या गिरणीचं चाक बीडाचं. आमच्या जिल्ह्याचं नावही तेच. दोन्हींचं व्युत्पत्तीचं काही नातं आहे असा माझा दावा नाही. पण बीड शहरातल्या गॅरेजांच्या रांगेत निम्मं आयुष्य उभं राहून काढल्यावर हा योगायोग मला नुसता योगायोग वाटेनासा झाला आहे. तिथले एक बुजुर्ग मिस्तरी म्हणायचे, "सर, बीडाचं इंजिन आन् बीडचा माणूस, दोन्ही तापत्यात लवकर, पण सहजी तडकत नाहीत. तडकले तर मातर वेल्डिंग धरत नाही." यातलं शेवटचं वाक्य धातुशास्त्राच्या हिशेबानंही खरं आहे. बीडात कार्बन भरपूर, म्हणून ते ठिसूळ असतं. साध्या रॉडनं जोडायला गेलं की जोडाच्या शेजारी नवी चीर पडते.

पुढची पानं ज्यांनी लिहिली ती सगळी अशी गॅरेजासमोर उभी राहणारी माणसं आहेत. कुणी शेतकरी आहे, कुणी कंत्राटदार, कुणी शिक्षक; एकाचं कृषी सेवा केंद्र आहे आणि दारात विजेवरची गाडी आहे. वादाचा विषय एकच: जुन्या दणकट गाड्या बऱ्या की आताच्या? आणि आताच्यांत पेट्रोल-डिझेलच्या बऱ्या की बॅटरीच्या? मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि दारात १९९१ सालची जीप ठेवली, एवढ्या भांडवलावर या मंडळींनी मला प्रस्तावना लिहायला बसवलं. वाद मिटवणं माझ्या ऐपतीबाहेरचं आहे. तो कशाकशावरून आहे, तेवढं मांडून ठेवतो.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल, कारण या पुस्तकातल्या तरुण लेखकांच्या तोंडी 'मसल कार' हा शब्द सारखा येतो. मोबाइलवर आणि सिनेमात त्यांनी त्या पाहिलेल्या आहेत: लांबलचक बॉनेट, रुंद मागची चाकं, आणि सुरू केली की शेजारच्या घराच्या काचा थरथरतील असा आवाज. या गाड्यांचा इतिहास मात्र थाटामाटाचा नाही. १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीनं आपल्या मधल्या आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं, व्ही-८ इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ असं नाव दिलं. कागदावर ३२५ हॉर्सपॉवर. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, दोन वर्षांनी डॉजची चार्जर, मग शेवरलेची कॅमॅरो. सगळ्यांची युक्ती एकच: सांगाडा चारचौघांचा, काळीज पहिलवानाचं, आणि किंमत कारखान्यात काम करणाऱ्या पोराला हप्त्यानं झेपेल अशी. श्रीमंतांकडे युरोपातल्या नाजूक स्पोर्ट्स कार होत्याच. मसल कार ही ज्यांना त्या परवडत नव्हत्या त्यांची गाडी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ते आकडे थोडे जपून वाचावेत, हेही इथंच सांगतो. १९७२ पूर्वी अमेरिकेत इंजिनाची ताकद मोजताना ते गाडीतून काढून, सायलेन्सर आणि इतर जोडण्या न लावता, मोकळं पळवून मोजत. त्यानंतर गाडीत बसवल्यासारखं मोजायची पद्धत आली आणि तीच इंजिनं कागदावर एका वर्षात अशक्त झाली. खरा मार वेगळाच बसला. १९७० चा हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा आला, विमा कंपन्यांनी तरुणांच्या वेगवान गाड्यांचे हप्ते वाढवले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीला मग कोण विचारणार? आपल्याकडे तर गाडीबद्दलचा पहिला प्रश्नच असतो, "अॅव्हरेज किती देते?" त्या प्रश्नावर मसल कारचं उत्तर ऐकून बीडच्या माणसाला घाम फुटेल.

भारतात अशी गाडी कधी निघाली का? तिच्यासारखी दिसणारी निघाली. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये आणलेली कॉन्टेसा. मूळ नमुना इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा; पुढचा चेहरा रुंद, बॉनेट लांब, बांधा ऐसपैस. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन तिला भारताची मसल कार म्हणतात. गंमत अशी की सुरुवातीच्या कॉन्टेसाच्या त्या भारदस्त बॉनेटखाली अॅम्बॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, ताकद पन्नासेक हॉर्सपॉवर. अंगावर पहिलवानाचा लंगोट आणि खुराक वरणभाताचा. पुढे जपानच्या इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा तिला खरी चाल मिळाली. २००२ च्या सुमारास ती बंद झाली.

महाराष्ट्राचा या घराण्याशी त्याहून जुना संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जात. ज्या कंपन्यांनी पुढे चार्जर आणि बॅराकुडा काढल्या, त्यांच्या आधीच्या पिढीच्या गाड्या मुंबईच्या मजुरांच्या हातून गेलेल्या आहेत. पण त्या कुटुंबवत्सल, सहा सिलिंडरच्या, सावकाश चालणाऱ्या. दरम्यान माझगावला महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली होती. कुर्ल्याच्या गाड्या मुंबई-पुण्याला राहिल्या. माझगावची जीप मात्र आमच्यापर्यंत आली.

का आली, हे समजायला जिल्हा पाहावा लागेल. निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ बसगाड्यांवर सरकारी मोटारसेवा सुरू झाली, पण बालाघाटाच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत डांबर पोहोचायला पुढची कित्येक दशकं गेली. परळीला रेल्वे होती. बीड शहरानं मात्र आपली पहिली प्रवासी गाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षं या शहराचं येणं-जाणं पूर्णपणे चाकांवर, आणि तीही रबरी चाकांवर. एसटी जिथं संपायची तिथं काळी-पिवळी जीप सुरू व्हायची. आत किती माणसं बसली हे मोजायची पद्धत नव्हती. किती लटकली तेवढी मोजत. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, गिअरचा दांडा कुणाच्या तरी गुडघ्यांच्या मध्ये, टपावर शेळ्यांसाठी पाला. इंजिनात डिझेलच्या जोडीला रॉकेल. धारूरच्या घाटात ती पहिल्या गिअरवर, वाफ सोडत, पण चढायची.

आणि इथं मी जीटीओची आठवण काढतो. साध्या सांगाड्यात मोठं इंजिन ही अमेरिकेतली युक्ती आमच्याकडे कुणी वाचून केली नव्हती, गरजेनं झाली. पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या विलीजचं इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. अॅम्बॅसडरमध्ये मॅटेडोरचं डिझेल इंजिन घातलेल्या गाड्या तर पन्नाशीपुढच्या प्रत्येक मिस्तरीला आठवतात. माउंटिंग जुळत नसेल तर लोहाराकडून पट्टी घडवून आणायची, शाफ्ट लांब पडला तर कापून जोडायचा. आज हे करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही. न्यायालयाचं बरोबर आहे. त्यातल्या काही गाड्या मी चालवल्या आहेत; ब्रेक पन्नास हॉर्सपॉवरचे आणि वजन देव जाणे कशाचं. तरी त्या गाड्यांना मी मराठवाड्याच्या मसल कार म्हणतो, कारण त्यांच्यामागची भूक तीच होती: मोठ्यांच्या गाडीची ताकद लहान माणसाच्या पैशात.

आमच्याकडे वेगाला फारसं कुणी मोजत नाही. शब्द आहे 'ओढ'. गाडी कशी आहे, तर "ओढ चांगली आहे". मसल कारची चर्चा वाचताना मला आमचा हा शब्द जास्त अचूक वाटत आला आहे. हॉर्सपॉवर म्हणजे काम किती झपाट्यानं होतं. ओढ म्हणजे चाकाला पीळ किती बसतो. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर उतरून पाहा. चाळीसच्या आतबाहेर हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर वीसेक टन ऊस, आणि तो कारखान्याकडे निघालेला असतो. तीनशे हॉर्सपॉवरच्या मस्टँगला ते ओझं जोडलं तर तिचा क्लच जळेल. ट्रॅक्टरची ताकद लहान, पण गिअरच्या चाकांतून ती पिळून मोठी केलेली असते. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातली लाखो माणसं संसार पाठीवर टाकून ऊस तोडायला निघतात, तीही याच ट्रॅक्टरांच्या आणि ट्रकांच्या मागे बसून. ओढ हा शब्द आमच्याकडे मनालाही लावतात. गावाची ओढ. त्या ट्रॉलीत बसलेल्यांना दोन्ही अर्थ ठाऊक असतात.

आता या आमच्याच मापानं विजेची गाडी मोजू. डिझेल इंजिन उभं असताना काहीच ओढत नाही. त्याला आधी फिरवावं लागतं, रंगात आणावं लागतं, मग क्लच सोडत सोडत ओझं त्याच्या खांद्यावर द्यावं लागतं. पाच गिअरांचा सगळा पसारा या एका दुबळेपणासाठी आहे. विजेच्या मोटरला हा दुबळेपणा नाही. चाक स्थिर असतानाच ती पूर्ण पीळ देते. माझ्या जीपची ताकद, इंजिन नवं होतं तेव्हाची, ६२ हॉर्सपॉवर. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीची १२९, आणि पीळ पहिल्या क्षणापासून हाताशी. चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई ६ कंपनीच्या सांगण्यानुसार ६.७ सेकंदांत शंभराचा वेग घेते. साठच्या दशकातल्या नावाजलेल्या मसल कार अमेरिकी मासिकांनी पळवून पाहिल्या तेव्हा त्या ताशी ६० मैलांवर पोहोचायला साधारण एवढाच वेळ घेत. म्हणजे डेट्रॉइटच्या ज्या पहिलवानांच्या तसबिरी आमच्या पोरांनी भिंतीला लावल्या, त्यांच्या बरोबरीनं पळणारी गाडी आता बीडहून चार-पाच तासांच्या अंतरावर बनते. कृषी सेवा केंद्रवाल्या आमच्या तरुण मित्रानं मला त्याच्या गाडीत बसवून मांजरसुंब्याचा घाट चढवला. गाडी चढली असं वाटलंच नाही. घाट खाली सरकल्यासारखं वाटलं. ओढीच्या परीक्षेत माझी जीप नापास झाली, आणि पेपर मीच काढलेला होता.

उतरताना त्यानं पडद्यावर बोट ठेवलं: बॅटरीत वीज परत भरत होती. हे मला फार आवडलं. वर्षानुवर्षं मी मुलांना स्थितिज ऊर्जेची गणितं घातली. दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली उतरली की हिशेबानं ०.४ युनिट वीज होते. सगळी हाती येत नाही, पण बरीचशी येते. माझ्या जीपमध्ये हीच ऊर्जा ब्रेकच्या लायनरांचा जळका वास होऊन निघून जाते. घाट उतरताना तो वास आला की आम्ही थांबून चहा प्यायचो. विजेच्या गाडीत चहाचं ते निमित्त गेलं, हे एक नुकसान नोंदवून ठेवतो.

पण वीज कुठून येते, हे विचारायचा हक्क बीड जिल्ह्याइतका कुणाला नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासूनचं. कोळसा रेल्वेनं येतो, वीज तारेनं जाते, राख परळीतच राहते. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. तेव्हा "इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही" असं कुणी म्हटलं की परळीचा माणूस हसतो. धूर आहे, तो दुसऱ्या गावाला आहे. ढोबळ हिशेब असा. पेट्रोलमधली पंचवीस ते तीस टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते. कोळशातली पस्तीसेक टक्के वीज होते आणि गाडीपर्यंत येताना, बॅटरीत शिरताना-निघताना त्यातली आणखी काही गळते. नुसत्या कोळशावरची वीज धरली तर आजच्या चांगल्या पेट्रोल गाडीशी सामना जवळपास बरोबरीत सुटतो. फरक पुढे पडतो. पेट्रोलची गाडी मरेपर्यंत पेट्रोलच पिणार. विजेच्या गाडीला ती वीज कोळशाची की पाटोद्याच्या माळावरच्या पवनचक्क्यांची, याच्याशी कर्तव्य नाही. आणि मालकाच्या खिशाचं म्हणाल तर शंभर किलोमीटरला साधारण पंधरा युनिटं. हा आकडा सांगितला की गॅरेजासमोरचा आवाज जरा खाली येतो. मग कुणीतरी विचारतं, "आन् डीपी जळाला तर?" डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की आठ-आठ दिवस गाव अंधारात असतं हे ज्यानं पाहिलंय, त्याचा हा प्रश्न आहे. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीस युनिटांची बॅटरी भरायला अख्खी रात्र लागते, आणि ती रात्र अख्खी मिळाली पाहिजे.

आवाजाचं प्रकरण निराळं. या पुस्तकातली निम्मी भांडणं आवाजावरून आहेत. व्ही-८ इंजिनाची गुरगुर येते कारण त्याच्या एकेका बाजूच्या चार सिलिंडरांतले स्फोट समान अंतरानं होत नाहीत. कधी दोन लगेच, कधी एक थांबून. जुन्या बुलेटचं फायरिंग समान अंतरानंच, पण मोठा स्ट्रोक आणि मधली लांब शांतता. कान त्या उणिवेला ताल समजतो. पण मिस्तरीला आवाज लागतो तो वेगळ्या कारणासाठी. वैद्य नाडी पाहतो तसा तो बॉनेटवर तळवा ठेवून ऐकतो: टॅपेट वाजतंय, बेअरिंग धरलंय, एक सिलिंडर मारत नाही. आवाज ही त्याची तपासणी आहे. अमेरिकेत डॉजनं विजेवरची चार्जर काढली तेव्हा तिला कृत्रिम गर्जना बसवली. मला ते नाटकातल्या वाघासारखं वाटतं. गर्जना आहे, पण तिच्यावरून पोट बिघडलंय का हे कळत नाही. बाकी बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावून मध्यरात्री गल्लीतून जाणाऱ्यांची बाजू पुढच्या एका लेखात घेतली आहे. ते सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातले तर मला वाईट वाटत नाही.

आणि 'पत्रा'. जुन्या गाडीचा कैवार घेणारा प्रत्येक जण शेवटी फेंडरवर बुक्की मारून दाखवतो: "पत्रा बगा, आताच्या गाड्या म्हणजे डबडी." इथं मात्र मला मास्तर व्हावंच लागतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवल्या, ताशी ६४ किलोमीटरनं. जुन्या गाडीचा जाड पत्रा आत घुसला. तिच्यातला माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ दुखापत. नव्या गाडीचं नाक चेपतं कारण ते चेपण्यासाठीच केलेलं असतं. धक्का पत्र्यानं खायचा, माणसानं नाही. बीडाचा ठिसूळपणा आणि पोलादाची लवचीकता यांवर मी जन्मभर बोललो, पण ही एक चित्रफीत वर्गात दाखवली असती तर बरं झालं असतं.

या जिल्ह्यानं गाडीच्या अपघातात काय गमावलं आहे हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते. मागं बसणाऱ्यानंही बेल्ट लावावा, ही चर्चा देशात त्यानंतर मोठ्यानं झाली. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे बीडचेच नेते विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले. दोन्ही गाड्या आधुनिक होत्या. म्हणून पत्र्याच्या बाजूनं असो की एअरबॅगच्या, या विषयावर बुक्की मारून बोलणं मला आता आवडत नाही. जीपमध्ये मी नंतर बेल्ट बसवून घेतले. तिला मुळात नव्हते.

कंपन्यांना ओढीचा दुसरा अर्थ नीट कळलेला आहे, हे मात्र मान्य करायला हवं. फोर्डनं विजेवरच्या गाडीला मस्टँगचंच नाव दिलं. आपल्याकडे बजाजची १९७२ ची चेतक २०२० मध्ये विजेवर परतली. फिरोदियांची लूना, जिच्यावर शेजारच्या नगरपासून आमच्या आष्टी-कड्यापर्यंत दूध, खताची पोती आणि नवरा-बायको-दोन पोरं हे सगळं वाहिलं गेलं, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना होऊन आली. टाटांची १९९१ ची सिएरा २०२५ मध्ये पुन्हा आली. एसटीनं तर तारीखही जुळवली: पहिली बस १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला गेली, आणि विजेवरची पहिली शिवाई धावली तीही १ जूनला, २०२२ साली, त्याच रस्त्यावर. नाव जुनं ठेवलं की गिऱ्हाईक निम्मं आपोआप येतं. लूनाच्या बाबतीत मी हे माफ करतो, कारण ती अजूनही ओझं वाहायलाच काढली आहे.

मग माझ्या जिवाला लागतं ते काय? ओढीत नवी गाडी जिंकली, सुरक्षिततेत जिंकली, खर्चातही जिंकत आली आहे. जुन्या गाडीकडे माझ्या मते एकच हुकमाचं पान उरलं आहे, आणि ते पेट्रोलच्या वासाचं नाही. ती खोलता येत होती. सातवीत शाळा सुटलेलं पोरगं गॅरेजात आलं की पहिली दोन वर्षं नुसते नट-बोल्ट डिझेलमध्ये धुवायचं. मग त्याला चौदाचा पाना आणि सोळाचा पाना हातात आल्याबरोबर, न बघता, कळायचा. मग एक दिवस मिस्तरी म्हणायचे, "हेड खोल." बीडाच्या ब्लॉकला बोअर करता येतं, स्लीव्ह टाकता येते, पुन्हा बोअर करता येतं, एकच इंजिन तीन पिढ्यांना शिकवायचं. डेट्रॉइटमध्ये तरी काय होतं? कारखान्याच्या पाळीनंतर पोरं अंगणात इंजिनं उतरवायची, भंगारातून कार्बोरेटर आणायची. मसल कारवरचं त्यांचं प्रेम हे बरंचसं स्वतःच्या हातावरचं प्रेम होतं. आमच्या गॅरेजांतून दर वर्षी अशी किती पोरं कारागीर होऊन बाहेर पडली, याची नोंद कुठल्याही शिक्षणखात्याकडे नाही.

विजेच्या गाडीचं बॉनेट उघडलं की नारिंगी केबली दिसतात. नारिंगी म्हणजे हात लावू नका. आत तीन-चारशे व्होल्ट आहेत. ही भीती खरी आहे, आणि मिस्तरींना ती मी स्वतः समजावून सांगितली आहे. पण प्रश्न व्होल्टचा एकट्याचा नाही. इंजिन बिघडलं तर पूर्वी त्याचा एक भाग बदलायचा. आता अख्खी पेटी बदला म्हणतात, आणि पेटीचं कुलूप कंपनीच्या संगणकाकडे. पेट्रोलच्या नव्या गाड्याही या बाबतीत फार मागं नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका नव्या गाडीचा एक सेन्सर गेला म्हणून आम्ही ती टोचन करून दुसऱ्या जिल्ह्यात नेली. सुटा भाग बोटाच्या पेराएवढा होता. मिस्तरी शेजारी उभे होते, पान्यांची पेटी उघडी होती, आणि करण्यासारखं काही नव्हतं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. बॅटरी दुरुस्त करायला शिकवणारे वर्ग आयटीआयमधून तालुक्या-तालुक्यात निघाले, आणि कंपन्यांनी सुटे सेल व नकाशे बाजारात मोकळे केले, तर विजेच्या गाडीविरुद्ध माझी काहीही तक्रार उरणार नाही. मोटर तर इंजिनापेक्षा साधी असते. मोटर-पंपाचं वायंडिंग करणारी माणसं आमच्या गावागावात आहेत; तांब्याच्या तारेची त्यांना सवय आहे.

माझ्या जीपचं पुढं काय, असं मला मुलगा विचारतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. त्याची फी आधी ६०० रुपये होती, २०२२ मध्ये ५,००० झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० झाली. पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि मूळ रूप शाबूत असलं तर २०२१ च्या नियमांनुसार गाडीला विंटेज म्हणून वेगळी पाटी मिळते, पण मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. जीपला पन्नास पूर्ण व्हायला २०४१ उजाडेल. तोवर तिनं एमएच-२३ याच पाटीवर शेताला जायचं आहे, आणि मूळ रूपाचं म्हणाल तर टप तीनदा, सीटा चारदा आणि स्टिअरिंग एकदा बदललं आहे.

पुढच्या लेखांत तुम्हाला चुका सापडतील. एकानं घाटाची उंची वाढवून सांगितली आहे, दुसऱ्यानं आपल्या बुलेटचं अॅव्हरेज. ते मी मुद्दाम तसंच राहू दिलं आहे. गाडीवाल्याला अॅव्हरेजवरून खोटं पाडू नये. पण वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या गावात जो कुणी म्हातारा मिस्तरी उरला असेल त्याच्याकडे वही घेऊन जा. पॉइंटचा गॅप तो सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यानं कसा मोजायचा, पंपाचं टायमिंग कानानं कसं धरायचा, बीडाला गेलेली चीर कशानं भरायचा, हे त्याच्या शब्दांत उतरवून घ्या, आणि सोबत त्याच्या पान्यांचा एक फोटो काढा. ज्यांचं वाक्य मी सुरुवातीला सांगितलं, ते आमचे मिस्तरी मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्याकडून आम्ही एवढं एकच वाक्य लिहून घेतलं होतं.